गंगाबाईंचा पदर आणि मी न लावलेलं कव्हर

गंगाबाई राठोड यांच्यावर अन्याय झाला. कधी, तेही सांगतो. गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी साडेनऊच्या सुमारास, वारंगा फाट्याच्या अलीकडच्या वळणावर. नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून त्या आखाडा बाळापूरला निघाल्या होत्या. पदर चेनमध्ये गेला. त्या खाली ओढल्या गेल्या, गळ्याजवळचं हाड मोडलं आणि मानेवर पदराचा जो वळ उठला तो अजून दिसतो.

हा झाला अपघात. अन्याय सुरू झाला तो त्यानंतर तासाभरानं, गाडी गॅरेजपुढं आणल्यावर. जमलेल्या गर्दीत एक जण म्हणाला, "बायांला पदर सांभाळता येत न्हाई." दुसऱ्यानं मान हलवली. दुपारपर्यंत हेच वाक्य तांड्यावर पोचलं, आणि गंगाबाई दवाखान्यातून घरी येण्याआधीच त्यांचा निकाल लागलेला होता.

मान हलवणारा तो दुसरा माणूस मी होतो.

मी फाट्यावर चाचांच्या गॅरेजात काम करतो. नाव इरफान. मोईनचाचा हे वडिलांचे धाकटे भाऊ आणि माझे उस्ताद. दहावीनंतर हातात पाना आला, बारावीपर्यंत तो गेला नाही, मग पुढं शिकायचंही राहिलं. मधल्या काळात मी पत्रकं लिहायला शिकलो. फाट्यावर पोरींसाठी एसटी थांबत नव्हती तेव्हा आम्ही काही पोरांनी पत्रकं काढली, बसच्या काचांवर चिकटवली, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या. एसटी थांबू लागली. तेव्हापासून पत्रक कसं लिहायचं हे मला पक्कं ठाऊक आहे. आधी अन्याय कोणावर झाला ते लिहायचं, मग कधी, मग कोणी, आणि शेवटी "संबंधितांवर कारवाई करा". एवढी पत्रकं लिहिली, पण संबंधित म्हणजे मीच, असं कधी लिहावं लागलं नव्हतं. आता लिहून राहिलोय.

आधी कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मोटरसायकलचं इंजिन चाकाला थेट फिरवत नाही. इंजिनाच्या अंगाला एक छोटं दातेरी चक्र असतं, मागच्या चाकाला एक मोठं. दोघांमध्ये चेन. या चक्रांना स्प्रॉकेट म्हणतात, आमच्याकडं स्पॉकेट. वापरून वापरून चेन लांबते आणि चक्राचे दात एका बाजूला झिजतात. नवा दात सरळ उभा असतो, झिजलेला दात विळ्यासारखा वाकडा होतो. तो दिसला की तिन्ही वस्तू एकदम बदलायच्या, त्यालाच चेनसेट म्हणतात. नवी चेन जुन्या चक्रावर चढवली तर वाकडे दात तिला महिन्या-दोन महिन्यांत खाऊन टाकतात. चाचा म्हणतात, "नवा बैल बुढ्ढ्या बैलासंगं जुंपला का, दोनी बी खराब."

बदलायला दीड तास लागतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, गिअरचा दांडा काढून इंजिनाचं छोटं झाकण उघडायचं, मागचं चाक बाहेर. मोठं चक्र चार नटांवर असतं, ते गंजलेले असले की हाताला फोड येतात. नवी चेन जोडतात ती एका लॉकनं. त्यावर बारीक माशाच्या आकाराची पिन बसते. माशाचं बंद तोंड चेन जिकडं पळते तिकडं, फाटकी शेपूट मागं. उलटी बसवली तर एखाद्या दगडाला घासून पिन उडते आणि भर रस्त्यात चेन तुटते. पहिल्या वर्षी मी ती दोनदा उलटी बसवली. चाचांनी मारलं नाही. बाजारातून एक मासा आणला, माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "ये कदी उल्टी तैरती क्या रे?" तो मासा संध्याकाळी कालवणात गेला. पिन मी पुन्हा चुकलो नाही.

शेवटी ढील बघायची. खालच्या बाजूनं चेन बोटानं वर उचलली तर दोन बोटं हलली पाहिजे. जास्त ताणली तर बेअरिंग जातं, सैल ठेवली तर चेन उतरते. दोन्ही बाजूच्या खुणा बराबर जुळल्या की चाक सरळ. एवढ्या कामाचा मला गर्व आहे. माझ्या हातची चेन आवाज करत नाही.

गिऱ्हाईक मात्र चेनसेट बदलायला तयार नसतं. आमच्याकडं बाळापूरचे कुंडलिक सर येतात. शाळेत भूमिती शिकवायचे, आता रिटायर आहेत. त्यांची चेन इतकी लांबली होती की कव्हर आतून वाजायचं, सर यायच्या आधी सरांचा आवाज यायचा. ते म्हणाले, "इरफान, दोन कड्या काढून टाक. चेन आखूड झाली का झालं."

"सर, दोन कड्या काढल्यानं बाकीच्या शंभर कड्यांची झीज भरून येती व्हय?"

"मग?"

"कापड विरलंय अन् तुमी नाडी आवळून राहिले."

सर हसले, पण कड्या काढूनच घेऊन गेले. पंधरा दिवसांनी गाडी ढकलत आले. ढकलत आले तेव्हा मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "बोल रे, बोल, तोंडात काहून धरून ठेवलं?"

आता कव्हर. चेनच्या भोवती पत्र्याची दोन भागांची पेटी असते, एक भाग वरून, एक खालून. धूळ आत जाऊ नये, तेल टिकावं आणि माणसाचं कापड, बोट, पाय आत जाऊ नये, म्हणून ती असते. गाडी बनवणाऱ्यानं ती उगाच दिलेली नाही. बायका एका बाजूनं बसतात ती डावी बाजू, आणि चेनही डावीकडंच. पदर आणि चेन यांच्यात तेवढा एकच पत्रा असतो.

आणि तोच पत्रा आम्ही दर मृगात काढून टाकतो.

हे बाहेरच्या माणसाला खरं वाटायचं नाही. आमची जमीन काळी. पाऊस पडला की तांड्याच्या, शेताच्या वाटेवर चिखल चाकाला धरतो, कव्हरच्या आत शिरून गच्च बसतो आणि वाळला की विटेसारखा होतो. मग चाक फिरत नाही. शेतकरी भर वाटेत गाडी आडवी पाडून काडीनं चिखल कोरत बसतो. म्हणून मृग लागला की गॅरेजपुढं रांग लागते, "कव्हर काढ." पाच-सहा बोल्ट, दहा मिनिटांचं काम. कव्हरचं काय करायचं विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर असतं, "राहू दे हितंच. दिवाळीला लावू."

दिवाळीला कोणी येत नाही. आमच्या गॅरेजमागं लिंबाच्या झाडाला तारेत ओवलेली कव्हरं टांगलेली असत. वारा आला की वाजायची. एका भागात चाचा नटबोल्ट ठेवायचे. एकानं आपलं कव्हर गोठ्यात गायीला आंबोण घालायला लावलं होतं. मला हे सगळं मजेशीर वाटायचं. आठ वर्षांत मी किती कव्हरं काढली ते मोजलेलं नाही. परत लावलेली मात्र मोजता येतील, एका हाताच्या बोटांवर.

गंगाबाईंचे यजमान देविदासकाका यांचं कव्हर मी अपघाताच्या आदल्या वर्षीच्या मृगात काढलं होतं. वरचा भाग आमच्या झाडाला राहिला, खालचा ते घरी घेऊन गेले. दिवाळी आली, गेली. पुढचा श्रावण आला आणि ते चेनसेट बदलायला आले. सोबत गंगाबाई होत्या. त्या तांड्याच्या आशा कार्यकर्ती. तांड्यावरच्या पोटुशा बायांना तपासायला बाळापूरच्या दवाखान्यात नेणं, लेकरांच्या लसीच्या तारखा ध्यानात ठेवणं, कोण माहेरी गेली, कोण आली, हे सगळं त्यांच्या डोक्यात. तांड्यापर्यंत ऑटो येत नाही. जायचं तर मोटरसायकलवर.

मी जुने विळ्यासारखे दात त्यांना दाखवले, नवे दाखवले. चेन जोडली, मासा बराबर बसवला, ढील बघितली, चाक फिरवून दाखवलं. आवाज नाही. मी खूश. गंगाबाई वाकून बघत होत्या. त्यांनी झाडाकडं बोट केलं.

"आन् ते आमचं डबडं काहून लावलं न्हाई?"

"मावशी, चिखल हाय अजून. दिवाळीला लावू."

"मी मागं बसती. साडी जाईल ना यात."

देविदासकाका गाडीवर बसूनच म्हणाले, "अगं, त्याला कळतं ना. चल, उशीर व्हऊन राहिला."

मला कळत होतं. तरी मी हसलो आणि म्हणालो, "पदर खोचून बसा, मावशी."

त्या खोचूनच बसल्या. करीच्या दिवशीही खोचूनच बसल्या होत्या. खड्ड्यात गाडी आपटली, पदर सुटला, वाऱ्यानं खाली गेला आणि वरच्या चेनवर पडला. वरची चेन मागून पुढं पळते, ती पदर घेऊन इंजिनाकडं गेली. चेन जुनी असती तर दातांवरून घसरली असती, कदाचित पदर फाटून सुटला असता. पण मी नवे दात बसवले होते. एकही दात घसरला नाही.

गाडी टेम्पोत घालून आमच्याकडंच आणली, कारण चाक फिरत नव्हतं. मी छोटं झाकण उघडलं तर आत हिरव्या साडीचा पीळ, ग्रीसमध्ये काळा झालेला, चक्राभोवती तीन वेढे. ब्लेडनं कापून कापून काढला. गॅरेजपुढं गर्दी होती. कुंडलिक सर होते. ते म्हणाले, "बायांला पदर सांभाळता येत न्हाई." आणि माझ्याकडं बघितलं, कारण मी मेकॅनिक, मला माहीत असणार. मी मान हलवली.

चाचा हळूच म्हणाले, "चेन धू, गाडी दे, अन् गप ऱ्हा." मी चेन धुतली. पदराचा तुकडा मात्र फेकवला नाही. हत्याराच्या पेटीत ठेवला. काहून ठेवला, तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढचं मला हळूहळू कळत गेलं. तांड्यावरचा एक जण स्पार्क प्लग घ्यायला आला, म्हणाला, गंगाबाईचं गाडीवर बसणं बंद झालं. देविदास म्हणतो, पदर सांभाळता येत न्हाई तर घरी बस. दुसरा आला, म्हणाला, आता बाकीचे पण आपापल्या बायांना गाडीवर घेऊन जाईनात, गंगाबाईचं झालं ते बघून. पोटुशा बाया तपासायला चालत फाट्यापर्यंत येऊन राहिल्या. गंगाबाई काम सोडणार असं बोललं जात होतं. हाड तर जुळत आलं होतं. पण "तिला सांभाळता येत नाही" हे जुळत नव्हतं, ते वाढतच होतं. आणि त्या बाईनं विचारलं होतं, हे जगात तिघांनाच माहीत. तिचं कोणी ऐकत नव्हतं, नवरा बोलत नव्हता, आणि मी पत्रकं लिहिणारा, तोंडाला कुलूप लावून चेनी बसवत होतो.

दसरा झाल्यावरच्या सोमवारी मी झाडावरून वरचं कव्हर काढलं आणि हत्याराची पेटी उचलली. चाचांनी विचारलं, "कुठं?"

"तांड्यावर."

"ते लोक मारतील तुला."

"मारू द्या."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "नक्को जाऊ म्हणलो तरी जाणार तू." मग खिशातून दहा नंबरचा पाना काढून दिला. "ये बी ले. बोल्ट गंजलेले असतील."

देविदासकाका अंगणात ज्वारीच्या पोत्याचं तोंड शिवत होते. शेजारचे दोन-तीन जण बाजेवर बसलेले. गंगाबाई ओट्यावर, हात झोळीत नव्हता पण अंगाशीच धरलेला. मी कव्हर खाली ठेवलं आणि उभ्या उभ्याच बोललो. पत्रकासारखंच बोललो, दुसरं मला येत नाही. "श्रावणात मावशींनी मला विचारलं होतं, कव्हर काहून लावलं न्हाई. साडी जाईल असं बी म्हणाल्या होत्या. मी लावलं न्हाई. चूक माझी हाय, मावशींची न्हाई."

देविदासकाकांची सुई थांबली. "झालं गेलं. आता काहून उकरून राहिला?"

"उकरू द्या त्याला," गंगाबाई म्हणाल्या. "दीड महिना झाला, ऐकून ऐकून माझे कान किटले." मग माझ्याकडं वळल्या. "आन् तू रे, दीड महिना तोंडात काय धरलं होतं? पाना?"

बाजेवरचा एक जण हसला. मला हसता आलं नाही. मी म्हणालो, "भेव वाटलं, मावशी."

"मला बी वाटलं. मी पडली तवा." त्या देविदासकाकांकडं बघत होत्या. "सांगा ना तुमी. मी विचारलं होतं का न्हाई?"

देविदासकाकांनी दोऱ्याला गाठ मारली. मग बाजेवरच्यांकडं न बघता म्हणाले, "इचारलं होतं. मीच चल म्हणलो."

तेवढंच बोलले. पण ते चार माणसांसमोर बोलले, आणि तांड्यात चार माणसं म्हणजे सगळा तांडा.

"आता लाव," गंगाबाई म्हणाल्या. "हितं. सगळ्यांसमोर."

मी वरचा भाग धरला, मग लक्षात आलं, खालचा भाग कुठंय? मी विचारलं तर देविदासकाका एकदम उठले आणि कुडाकडं बघू लागले. कुडाच्या सावलीत खालचा भाग ठेवला होता. त्यात पाणी, आणि दोन कोंबड्या पीत होत्या. वर्षभर त्या त्यातच पीत असणार. गंगाबाई उठल्या, चांगल्या हातानं पाणी ओतून दिलं आणि तो पत्रा माझ्याकडं फेकला. "कोंबड्यांला मी दुसरं भांडं दीन. मला दुसरी मान कोण देणार?"

मी पत्रा घासला, ठोकून सरळ केला, दोन्ही भाग जोडले. चाचांचं खरं निघालं, दोन बोल्ट गंजलेले होते. गाडी स्टँडवर घेऊन इंजिन चालू केलं, गिअर टाकला, चाक फिरू लागलं. मग हत्याराच्या पेटीतून पदराचा तो तुकडा काढला. गंगाबाईंनी ओळखला. आधी त्यांनी तो हातात घेतला नाही. मग घेतला, आणि फिरत्या चाकाच्या बाजूनं स्वतः कव्हरवर सोडला. तो पत्र्यावरून घसरून खाली मातीत पडला. त्यांनी उचलून पुन्हा सोडला. पुन्हा खाली. तीन वेळा केलं त्यांनी. मग म्हणाल्या, "उद्या लसीचा दिवस हाय." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आठ वाजता निघू."

देविदासकाकांनी विचारलं ते मला. "आन् चिखल?"

प्रश्न खरा होता. मी सांगितलं ते अजून सगळ्यांना सांगतो. पावसाळ्यात कव्हर काढायचं ते चिखल झाडायला, आणि त्याच दिवशी परत लावायचं. आमच्याकडं आणा, आमी दहा मिनिटांत करतो. बोल्ट मोकळे राहावेत म्हणून ग्रीस लावून बसवा, मग घरच्या घरी बी काढता येतं. तकलीफ आहे. पण ती तुमच्या हाताची तकलीफ आहे, बाईच्या मानेची नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला ती गाडी गॅरेजवरून गेली. थांबली नाही. गंगाबाईंनी हातही केला नाही. सरळ बाळापूरकडं बघत बसलेल्या होत्या. चांगलं वाटलं मला.

त्यानंतर गॅरेजात मी एक पत्रक लावलं, हातानं लिहिलेलं: "कव्हर बसवल्याशिवाय चेनसेटची गाडी बाहेर जाणार नाही." चाचा म्हणाले, गिऱ्हाईक जाईल. थोडं गेलंही. पहिलं भांडण कुंडलिक सरांशीच झालं. चेनसेट बसवून झाला, कव्हर घेऊन आलो तर सर म्हणाले, "राहू दे, घाई आहे, लेकीला परीक्षेला सोडायचंय." लेक मागं उभी, गळ्यात ओढणी.

"मग गाडी भेटणार न्हाई, सर."

"अरे, ओढणी बांधून बसेल ती. शिकलेली आहे."

"गंगामावशी बी खोचूनच बसल्या होत्या. त्या दिवशी तुमी बोलले अन् मी मान हलवली. ती मान मी आज परत घेतली."

लेक म्हणाली, "बाबा, दहा मिनिटं." आणि चाचा, ज्यांनी मला गप राहायला सांगितलं होतं, ते खालचा भाग धरून बसले, मी बोल्ट पिळले. आठ मिनिटांत झालं. चाचांनी सरांना चाक फिरवून दाखवलं आणि म्हणाले, "आता भूमिती बराबर."

झाडाची तार आता रिकामी नाही, पण अर्धी झाली आहे. ज्यांची कव्हरं आहेत त्यांना मी निरोप पाठवतो. काही येतात, काही म्हणतात ते ठरलेलं वाक्य.

म्हणून आता तुमच्याशी बोलतो. ही मागणी कोणत्याही कार्यालयाकडं नाही, तुमच्याकडं आहे. हा दिवाळी अंक खाली ठेवा. अंगणात जा, गाडीच्या डाव्या बाजूला वाका. चेन डोळ्याला दिसते? मग कव्हर कुठंय ते शोधा. माळ्यावर, गोठ्यात, गॅरेजच्या झाडाला, कोंबड्यांच्या तोंडाखाली, कुठंही असेल. नसेलच तर नवं घ्या. आणि घरातल्या ज्या बाईला आजपर्यंत "पदर सांभाळ" म्हणालात, तिला बोलवा, तिच्यासमोर ते बसवा, आणि चूक कोणाची होती ते तिला मोठ्यानं सांगा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

दिवाळीला लावू, असं तुम्ही म्हणाला होता. ही दिवाळी आहे. लावा.